काळ्या गाडीवरचे गोल

कापूस म्हणजे काय, हे मले कोणी शिकवू नये. बोरी अरबले आमचं चार एकर वावर हाये, अन् दरसाल दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या मधल्या खोलीत छताले टेकंपर्यंत कापूस भरलेला राह्यते. लहानपणी त्याच कापसावर उड्या मारल्या, त्याच्यातच झोपलो, अन् खाजवत खाजवत शाळेत गेलो. आता दारव्ह्याच्या हापिसात कारकून असलो तरी कापूस हातात घेतला का कोणत्या वेचणीचा हाये हे डोळे मिटून सांगतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं आयकल्यावर तुम्ही मानणार नाई.

माहे बाबा, उकंडाजी, यवतमाळले सरकारी जीपवर डायवर होते. तीस वर्सं त्याईनं सायबाईच्या गाड्या चालवल्या, अन् साऱ्याच्या साऱ्या पांढऱ्या. रिटायर झाल्यावर त्याईनं स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली, ती काळी. काळ्यावर धूळ लय दिसते, असं म्या समजावून पाह्यलं. ते म्हणाले, पांढऱ्या लोकाईच्या होत्या, ही आपली हाये. झालं, विषय संपला.

मंग रोज सकाळी सहाले कार्यक्रम सुरू. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येते, म्हणून गाडी धुवायचा प्रश्नच नाई. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा अन् कोरड्या गाडीवर गोल गोल फिरवायचा, तोही डाव्या हातानं, कारण बाबा डावखुरे. खाली आमच्या मातीची धूळ अन् वरून कोरडा दुपट्टा! सात वर्सांत गाडीले एवढे बारीक चरे पडले, का ऊन आलं म्हणजे साऱ्या बोनेटवर कोळ्याचं जाळं दिसे. पुसता पुसता बाबा मले हाक मारत, संघदीप, ये रे, जरा हात लाव. म्या हापिसले उशीर होते म्हणून सटकायचो. सात वर्सं मले रोज उशीर होत होता.

मागच्या सालच्या माघात बाबा गेले. सकाळी सहाले घर एकदम चूप राहाले लागलं. गाडी टिनाच्या शेडखाली उभी राह्यली. महिन्यातून एकदा म्या ती फाट्यापर्यंत नेऊन आणायचो, बाकी माय कोणाले हात लावू देत नव्हती. माहं अंग गाडीले नुसतं घासलं तरी तिचा जीव वरखाली होये. धूळ बसली का ती सूप घेऊन यायची अन् गाडीले वारा घालायची. पुसायची नाई, नुसता वारा. मंग संध्याकाळी चहाचा कप घेऊन शेडपुढं पाटावर बसायची. म्या अन् माही बायको दीपा एकमेकाईकडे पाहो. एकटं पडल्यावर माणसाचं असं होते म्हणून म्या ते सोडून देल्लं.

यंदा बाबाचा पहिला स्मृतिदिन आला. रविवारी घरी पुण्यानुमोदन ठेवलं. भंतेजी येणार, पाहुणे येणार, अन् यवतमाळहून बाबासंगचे जुने डायवर लोक येणार. डायवर लोक माणसाच्या आधी गाडी पाह्यते. म्या ठरवलं, गाडीवरचं ते जाळं काढून टाकायचं, गाडी आरशासारखी करायची. खरं सांगतो, बाबा जिते असताना एकदाही हात लावला नाई हे मले लय टोचत होतं. म्हणलं, एक दिवस तरी लावू.

शुक्रवारी सुट्टी टाकली. माय मामाकडे दिग्रसले गेलती, ती शनिवारी संध्याकाळी येणार होती. पॉलिशची ट्यूब आणली, मोबाईल खिडकीत उभा केला अन् एक व्हिडिओ लावला. त्याच्यातला माणूस मोठ्या तोऱ्यात सांगे, सॉफ्ट कॉटन घ्या अन् हलक्या हातानं गोल फिरवा. दीपा म्हणाली, तो जे काई म्हणून राह्यला ते बाजारातून विकत आणा. म्या पोट धरून हसलो. जिच्या घरात पंचवीस क्विंटल कॉटन पडली हाये, ती बाई कॉटन विकत आणाले सांगते!

म्या मधल्या खोलीतून कवळाभर कापूस आणला. पयल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, मुद्दाम निवडून. त्याले ट्यूब लावली अन् बोनेटवर सुरू झालो. किर्र किर्र आवाज आला. मले वाटलं, जुना मळ निघून राह्यला. म्या अजून जोर लावला. तासभर जीव तोडून घासल्यावर जपून ठेवलेलं दोन बादल्या पाणी वरून ओतलं अन् मागं सरून पाह्यलं. बोनेटवर दहा-बारा कोंबड्याईनं दाणे टिपल्यावानी दिसत होतं.

दीपानं माह्या हातातला बोळा घेतला, बोटानं उकलला अन् त्याच्यातला एक काळा दाणा काढून माह्या तळहातावर ठेवला.

"हे काय हाये?"

"सरकी," म्या म्हणलं.

कापूस म्हणजे सरकीसगट. जिनात नेऊन सरकी काढली का मंग ती रुई. आमच्याकडचं शेंबडं पोट्टं हे सांगते. पण त्या एका कॉटन शब्दात कापूसही गेला, रुईही गेली, अन् म्याही गेलो.

शनिवारी भल्या सकाळी गाडी दारव्ह्याले पूनमसिंगकडे नेली. त्याचं गाड्या चमकवायचं दुकान हाये, माणूस गुणी, पण तोंडाचा तिखट. त्यानं बोनेटवरून बोट फिरवलं अन् विचारलं, मांजर झोंबली का भौ? म्या सारं सांगतलं. तो स्टूल घेऊन खालीच बसला, अन् हसून झाल्यावर त्यानं सांगतलं का कॉटन म्हणजे कापड. मंग म्हणे, आता नुसतं बोनेट करून भागत नाई, बाकीची गाडी जुनी दिसन, पुरी गाडी मशीनवर घ्या लागन. सुरू करायच्या आधी त्यानं बॅटरीच्या उजेडात दरवाजे पाह्यले अन् विचारलं,

"हे बारीक गोल जुने हाये. हेही काढू?"

"तेच तं काढायचे हाये. एकही ठेवू नको."

माणसानं आपल्या तोंडानं काय काय बोलून ठेवावं! दुपारी चारले गाडी तयार झाली. तिच्यात माहं तोंड दिसे, मागचं दुकान दिसे, दुकानावरची तार दिसे. येताना म्या तीन ठिकाणी उतरून पाह्यलं. बाबा असते तं खांद्यावर हात ठेवला असता, असंही मनात आलं. घरी गाडी मुद्दाम अंगणात उन्हाच्या तोंडाले उभी केली अन् मायची वाट पाहात बसलो.

माय आली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली. गाडीच्या एका अंगानं पाह्यलं, मंग दुसऱ्या अंगानं पाह्यलं, मंग वाकून बोनेटच्या बरोबरीले डोळे आणले. म्या शाबासकीची वाट पाहून राह्यलो होतो.

"गोल कुठी गेले?"

"कोणते गोल?"

"त्याईच्या हाताचे."

 माय हळूहळू बोलली. रोज संध्याकाळी ऊन शेडखाली आलं का गोल दिसे. एकावर एक, सात वर्सांचे. ते पाहात ती चहा पिये. म्या म्हणलं, घरात बाबाचा एवढा मोठा फोटो लावला हाये. ती म्हणाली, तो नोकरीच्या कार्डावरचा फोटो हाये, श्वास रोखून काढलेला, त्याच्यात ते मले ओळखू येत नाई. एवढं बोलून ती अंदर गेली अन् सूप खिळ्याले अडकवून देल्लं. ती ओरडली असती तं बरं झालं असतं. मले त्या दिवशी जेवण गेलं नाई.

रविवारी कार्यक्रम नीट पार पडला. भंतेजीईनं वंदना घेतली, बाबाचे चार गुण सांगतले. डायवर लोक गाडीभोवती जमले, दोघाईनं बोनेटमध्ये पाहून भांग पाडला. जाताना ते म्हणाले, जय भीम संघदीप, पोरगा असावा तं असा, उकंडाजी असते तं खूश झाले असते. मायनं साऱ्याईले पोटभर वाढलं, पण अंगणाकडे एकदाही पाह्यलं नाई.

सोमवारी म्या पूनमसिंगले फोन केला अन् विचारलं, ते जुने गोल परत टाकता येते का?  तो म्हणाला, भौ, पंधरा वर्सांत लोक काढाले आले, टाकाले तुम्ही पयले. अन् फोन ठेवता ठेवता विचारलं, घरी कापूस उरला हाये का?

मंगळवारी सकाळी सहाले म्या उठलो. बाबाचा दुपट्टा खुंटीले तसाच लटकला होता. तो घेतला अन् कोरड्या गाडीवर गोल गोल फिरवाले लागलो. मागून दारातून मायचा आवाज आला.

"डाव्या हातानं."

तेव्हापासून रोज सहाले म्या गाडी पुसतो. मोबाईलमधला तो माणूस ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणते, त्या साऱ्या करतो. डाव्या हातानं मले धड घासही तोंडात घालता येत नाई, तरी पुसतो. माय दारातून चुका काढते. जोर जास्त झाला, गोल मोठा झाला, त्याईचा हात हलका होता. हापिसात साहेब रोज उशिराचं कारण विचारते.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी ऊन शेडखाली आलं अन् बोनेटवर मले चार-पाच बारीक गोल दिसले. म्या पळत जाऊन मायले हात धरून आणलं. तिनं चष्मा लावला, वाकली, लय वेळ पाह्यलं.

"हे तं तुहे हाये," माय म्हणाली.

मंग अंदर जाऊन तिनं चहाचा कप आणला अन् पाट ओढून तिथंच बसली. मले अजून समजलं नाई, डाव्या हातानं काढलेले असून तिनं ओळखले कसे.