वसंतकाकांच्या बसच्या काचा

वसंतकाकांच्या घरात गरम चहा आत न्यायचा तर आधी विचारावं लागतं. काचा लावणं चालू असेल तर आतून आवाज येतो, "वाफ बाहेर ठेव." मग मी, त्यांच्याकडे पोळ्या करणारी, कप घेऊन दारातच उभी.

वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत काका प्लास्टिकच्या बस बनवतात. लाल, हातभर लांब, आत सीटा, घंटीची दोरीसुद्धा. बस पटकन होते, काचांना आठवडा जातो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि ते पांढरं पडतं. काका म्हणतात, "साय धरते." म्हणून ते सुतारांचा पांढरा गोंद काडीच्या टोकाने कडेला टेकवतात आणि वाळेपर्यंत कुणाला पंखा लावू देत नाहीत. वाळला की तो गोंद दिसतही नाही.

"माझ्या केसांकडे कधी एवढं बघितलंत?" काकू खुर्चीवरून म्हणतात.

"केसांना साय धरत नाही."

"मग हे पांढरे कशाने झाले?"

काचा बसल्या की बस काकूंच्या हातात. "दिसतंय आरपार?" काकू ती डोळ्यांजवळ धरून सांगायच्या, "ड्रायव्हरची सीट तिरकी आहे." काका लगेच चिमटा शोधायला लागायचे.

काकूंची नजर कमी होत चालली होती. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांनी विचारलं की काकू म्हणायच्या, "आहे तशीच आहे."

दिवाळीच्या सुमारास पांढरा गोंद संपला आणि काकांनी घाईत झटपटवाला वापरला. सकाळी सगळ्या काचा दुधाळ. आतलं काही दिसेना. काका त्या खरवडून काढणार, तेवढ्यात काकूंनी हात पुढे केला. बस डोळ्यांजवळ धरली.

"छान. अगदी आरपार दिसतंय. सीटही सरळ बसलीय या वेळी."

मी काकांकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "बसलीय खरी." मग मला म्हणाले, "चहा आण गं. गरमच आण."

पुढच्या बसला त्यांनी काचा लावल्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "उकडतं प्रवाशांना."

आता दुपारी काकू बस मांडीवर घेऊन बसतात. खिडकीतून बोट आत घालून एकेक सीट चाचपतात. मध्येच थांबून म्हणतात, "अहो, ही तिरकी आहे."

"कुठली? दाखव," म्हणत काका खुर्ची ओढून शेजारी बसतात.

मी पोळ्या लाटता लाटता बघितलंय. प्रत्येक बसमध्ये एक सीट ते मुद्दाम तिरकी बसवतात.