वनिता मॅडमची लाजाळू

आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला. पण पंगतीत दुजाभाव नको म्हणून उंदरांना सारखं वाढणारी बाई अख्ख्या रायगड जिल्ह्यात मी एकटीच असेन. नातवंडांना सांगते तेव्हा ती गडाबडा लोळतात. लोळा मेल्यांनो! पण आजीने हा पराक्रम कुणाच्या प्रयोगात केला, ते आधी ऐका.

पेणच्या औषधांच्या कॉलेजात वनिता मॅडम शिकवायच्या आणि मी प्राण्यांच्या खोलीत मदतनीस. मी रामवाडीतून चालत जायचे, त्या रोह्याहून एसटीने यायच्या. हातात डबा आणि डब्याहून मोठं लाजाळूचं गाठोडं. बांधावर पायाला टोचते तीच लाजाळू. ती सुकवायची, कुटायची, अर्क काढून उंदरांना पाजायचा आणि त्यांची उदासी हटते का ते बघायचं, हे त्यांचं संशोधन. "हात लावला की मिटते म्हणून लोक हसतात," त्या म्हणायच्या. "परत उघडते ते कोण बघत नाय."

तऱ्हा तर विचारू नका. खोलीत गजरा बंद, अत्तर बंद, वासाने उंदीर बिथरतात म्हणून. एकदा प्राचार्यांना दारातच हुंगून म्हणाल्या, "सर, सुकट खाल्लीत. उद्या या." मी घरून तणतणत आले की, "कोणाशी भांडलात? आज पिंजरे नकोत, भांडी धुवा." आणि उंदीर उचलताना दर वेळी, "ये रे राजा, जरा त्रास देते हां."

प्रयोग असा. उंदीर पाण्याच्या उंच काचभांड्यात सोडायचा. आधी तो धडपडतो, मग 'जाऊ दे' म्हणून नुसता तरंगत राहतो. औषध लागू पडलं तर हार उशिरा मानतो. म्हणून पिंजऱ्यांच्या दोन रांगा: एकीच्या बाटल्यांत अर्क, दुसरीच्या बाटल्यांत साधं पाणी, आणि मग तुलना. बाटल्या मी भरायच्या.

मॅडमनी नीट समजावलं होतं. मी मानही डोलावली होती. पण पुढ्यात दोन रांगा, एकीला वाढायचं आणि दुसरीला नुसतं पाणी? सासूबाईंनी पाहिलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं. मी सगळ्यांना अर्क वाढला. वर म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

चाचणीच्या दिवशी दोन्ही रांगा सारख्याच जोमाने पोहल्या. मी खूश! मॅडमचा चेहरा मात्र उतरला. फरकच नाही, म्हणजे लाजाळूत काही नाही. या खेपेला काही निघालं नाही तर विषय बंद, असं मोठ्या सरांनी, म्हणजे प्राचार्यांनी, बजावलंच होतं. भांडं पुसत त्या म्हणाल्या, "संपलं, काकू."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी सगळं सांगून टाकलं.

"अगो काकू, काय केलंत हे!" म्हणत त्या मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"मग सगळेच पोहले ते लाजाळूमुळेच ना? तसं सांगा सरांना."

"नाय. मला पाहिजे तसं दिसतंय म्हणून ते खरं होत नाय."

सरांपुढे जाऊन त्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. माझं नाव काढलं नाही. एक संधी मागून आणली. नवे उंदीर, नवी लाजाळू, आणि बाटल्या भरायला पुन्हा मीच! या वेळी पाणीवाल्या रांगेला मी पाणीच भरलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. फरक स्वच्छ निघाला. मुंबईच्या परिषदेत मॅडमनी तो मांडला, आणि पेणच्या बाजारात मी ओळखी-अनोळखी सगळ्यांना ऐकवला. आमच्या मॅडम!

मुंबईहून त्या परत आल्या त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर मी विचारलं, "आता गोळी कधी निघणार?"

त्या गाडीच्या वाटेकडे बघत म्हणाल्या, "उंदीर पोहला म्हणजे माणूस उठला, असं नसतं काकू. गोळी निघेल की नाय, कोण जाणे. माझी आय कधीची भिंतीकडे तोंड करून बसलीय. डॉक्टरांची औषधं चालू हायत, पण बोलत नाय. माझे शब्द संपले. रविवारी रोह्याला याल? तुम्हाला गप्प करायला तरी ती तोंड उघडेल."