शब्द सांगा, पत्रा न्या

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या खोलीचं छप्पर आजोबांच्या डोक्यावर पडण्याच्या बेतात होतं, ही बाब सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणण्यात आली होती. आजोबा रोज सकाळी तिथे डोळे मिटून बसत. शिंपीकाका बसत, समोरच्या नर्सबाई बसत. खोलीला नाव नव्हतं. "जरा तिकडे जाऊन येतो," एवढं म्हटलं की घरच्यांना कळायचं.

शेवटी मीच आजोबांना दुरुस्ती कार्यालयात नेलं. तिथे देऊळ, मशीद, चर्च, विहार अशा वेगवेगळ्या खिडक्या. 'इतर'चीही होती, तिला कुलूप.

"नक्की काय आहे ते?" साहेबांनी विचारलं.

"खोली."

"खोलीला छप्पर मिळत नाही, आजोबा. शब्द सांगा, पत्रा न्या."

"अहो, पाऊस काय शब्द विचारून गळतो?"

"पाऊस आमच्या खात्यात येत नाही."

मग साहेबांनी उदार मनाने गल्लीला शब्द ठरवायला मुदत दिली आणि आमच्या प्रगतीला सुरुवात झाली! शिंपीकाकांना आठवलं, खोली मुळात त्यांच्याच लोकांची. नर्सबाईंना त्याहूनही जुनं आठवलं. काल एकमेकांकडून वाटीभर साखर नेणारे आज एकमेकांचे पणजोबा काढू लागले. शब्द समिती झाली, तिची उपसमिती झाली, आणि शांतता राहावी म्हणून खोलीला कुलूप लागलं. आजोबा बाहेर, भिंतीला पाठ लावून बसू लागले.

"आजोबा, तुम्ही कोणाच्या बाजूने?" मी विचारलं.

"भिंतीच्या. निदान टेकू तरी देते."

एका दुपारी छप्पर पडलं, सोबत भिंतही. आजोबा जेवायला घरी आले होते म्हणून वाचले. दुसऱ्याच दिवशी कार्यालयाचा ट्रक हजर!

"काका, हा राडारोडा कोणाच्या खात्यात?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"राडारोड्याला कोण विचारतंय, पोरी! भरा आणि चला."

आता तिथे गाड्या लागतात. सगळ्यांच्या, अगदी खेटून, गुण्यागोविंदाने. आजोबा घरातच बसतात आणि डोळे उघडेच ठेवतात.

ही गोष्ट ऐकून प्रत्येक जण आधी हळहळतो, "काय हो ही माणसं!" मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून विचारतो, "पण तुम्ही मूळचे कोण?"

तुम्ही नाही हं विचारलंत. तुम्ही फक्त मघापासून आजोबांचं आडनाव शोधताय.