दादाचा डावा डोळा

अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात डोळा काढावा तर करणनंच! असं दुसरं कोन म्हनत नव्हतं, करण सोताच म्हनायचा. नाक कोनीबी काढतं, कान तर शेंबडी पोरंबी काढत्यात, पन डोळा काढायला डोळा लागतो, आन् तो आपल्याला हाय, असं त्याचं ठाम मत. शाळा दहावीत सोडलेली. का सोडली? तर मास्तरनी फळ्यावर काढलेला बेडूक याला पटला न्हाई. "सर, ह्याचे मागचे पाय कोंबडीचे हायेत," म्हनला. मास्तर म्हनले, बाहेर हो. हा बाहेर झाला तो झालाच!

तवापास्नं त्याचा बाप काकासाहेब, घरात समदे त्याला दादा म्हनायचे, पोराशी कामापुरतं बोलायचा. "मोटार चालू कर." "वैरन टाक." "सर बाजूला." एवढ्यावर दोन वरसं निघाली. भांडन न्हाई, शिवी न्हाई. शिवी दिली असती तर करणला बरं वाटलं असतं, तेवढीच चार शब्दांची भर! त्याला एकच पायजे हुतं. आपुन असं एक चित्र काढू की दादा म्हनला पायजे, "वा रं पठ्ठ्या!" बाकी जग गेलं उडत.

म्हनून त्यानं दादाचंच चित्र काढलं. पन ते काय सोपं हुतं का? दादाचा डावा डोळा वाकडा. करण लहान हुता तवाच कायतरी लागलं हुतं, एवढंच घरात म्हाईत, त्याच्यावर कोन बोलायचं न्हाई. दादा फोटो काढू द्यायचा न्हाई. पाव्हन्यांच्या लग्नात फोटोवाला आला की हा आचाऱ्याकडं मीठ बघायला जायचा. आरशात बघायचा न्हाई. दाढी करायला न्हाव्याकडं बसला की डोळे मिटून घ्यायचा, ते न्हाव्यानं खांद्यावर थाप मारल्यावरच उघडायचा. मग करण गोठ्यात, गव्हानीच्या मागं लपून, शेनाचा वास घेत, म्हैस मानेवर फुरफुरत असताना, पेन्सिलीनं थोडं थोडं काढायचा. महिना गेला. चित्र असं झालं की म्हैसबी बघून दचकली!

पन दादाला दाखवायची छाती हुईना. म्हनला, आधी जगाला दाखवू. जग "वा" म्हनलं की दादा कुठं जातोय!

फेसबुकवर 'रेघोट्या' नावाचा हौशी चित्रकारांचा ग्रुप हुता. त्याचे कारभारी शामकांत सर, नगरला कचेरीतनं रिटायर झालेले, बाराही महिने गळ्यात मफलर. त्यांचा नियम कडक. कुनाची चूक दाखवायची तर आधी दोन गुन सांगायचे, मग चूक, मग परत एक गुन. म्हंजी भाकरीत मिरची लपवून द्यायची! पन मिरची कोन देतच नव्हतं. सरांनी कायबी टाकलं की खाली "अप्रतिम!", "नतमस्तक!", "सर, शब्दच नाहीत!" अशी रांग लागायची. शब्द न्हाईत म्हनायलाच लोकं इतके शब्द वापरायची!

करणनं पहिल्याच दिवशी सरांच्या चित्राखाली लिहिलं, "सर, हे वांगं हाय का माठ?"

झालं! सरांनी "नवोदितांनी नियम वाचावेत" असं लिहून खाली जोडलेले हात टाकले. हात जोडलेले, पन दात खाल्लेले! त्यानंतर करणनं दादाचं चित्र टाकलं, तर दिवस मावळला तरी दोन लाईक. एक सोताचा. दुसरा मामाच्या पोराचा, तोबी चार्जर परत मागू नये म्हनून!

"किती आलं रं?" आईनं भाकरी थापता थापता इचारलं.

"दोन."

"आन् तू दुसऱ्याला किती दिलंस?"

"मी कशाला दिऊ? समदे माठ काढत्यात!"

"आरं येड्या, कुनाच्या लग्नाला जायचं न्हाई, आहेर करायचा न्हाई, मग आपल्या मांडवात कोन कुत्रं तरी यील का? आन इकडं त्यो मोबाईल!"

आईला, म्हंजी झुंबरबाईला, टाईप करता येत नव्हतं. पन मोबाईलमधल्या माईकचं चित्र दाबलं की आपुन बोलतो ते उमटतं, हे तिला म्हाईत हुतं. ती रोज दुपारी बसायची आन् एकेकाच्या चित्राखाली आहेर करत सुटायची. समदं करणच्या नावानं!

सरांच्या वांग्याखाली, "वांगं लई ताजं दिसतंय. भरून करा, शेंगदान्याचं कूट घाला." एकानं हाडांचा सापळा काढला हुता, त्याच्याखाली, "लेकरू किती वाळलंय, पोटभर घाला त्याला." आन् प्रत्येकाला शेवटी एक ठरलेलं, "लई छान काढलंस बाळा. जेवलास का?"

करणनं वाचलं आन् कपाळ बडवून घेतलं. "आई, माझी इज्जत गेली!"

इज्जत कसली जाती! लोकं येडी झाली. "करणभाऊ, तुमची कॉमेंट वाचून डोळ्यात पानी आलं." एका पोरीनं तर लिहिलं, "आज दिवसभरात जेवलीस का असं फक्त तुम्हीच विचारलंत." हे वाचून करणनं परत कपाळ बडवलं न्हाई. आन् मग आहेराची परतफेड सुरू झाली. दादाच्या चित्राला दोनाचे दोनशे, दोनशाचे दोन हजार! करण गावातनं असा चालायला लागला जसं काय सरपंच ह्याच्याच बोटानं निवडून आलाय.

आन् त्यात एक कॉमेंट आली. अपूर्वा नावाची मुलगी, नगरची, चित्रकलेचं कॉलेज शिकनारी. "गालाची हाडं चांगली आहेत. कपाळही चांगलं आहे. डावा डोळा चुकलाय, उजव्याशी जुळत नाही. हात मात्र छान आहे."

ग्रुपाच्या जन्मापास्नं नियम पाळनारी ही पहिली बाई! तिच्यावर समदे तुटून पडले. "कोण तू?", "जळते का?", "भाऊंची माफी माग!" आन् करण? दूध उतू जावं तसा तो भसकन वर आला. त्यानं ठोकून दिलं, "डोळा माझ्या बापाचा हाय! ये की समोर, दावतो!" आन् मोबाईल खाटंवर आपटून गेला उसात.

मागनं आई आली. मोबाईल उघडाच. तिनं वाचलं, माईक दाबला. "व्हय गं बाई, या खरंच. समोर बसून बघा. समदेच या रविवारी, पुरनपोळ्या करते. येशीपास्नं उजवीकडं, शाळंच्या मागं."

आता झाली का पंचाईत! एकाच नावानं आधी धमकी, मग पत्ता, मग पुरनपोळी! ग्रुपात निम्म्यांना वाटलं मारायला बोलावलंय, निम्म्यांना वाटलं जेवायला. शामकांत सर म्हनले, वाद समोरासमोर मिटवू. आन् रविवारी खरंच दारात जीप हुबी! जीपभर चित्रकार! पुढं मफलर, मागं अपूर्वा, चेहरा पांढराफटक.

करणला धरनी जागा दिईना. आईनं मात्र दारातच समद्यांना गाठलं आन् हळूच सांगितलं, "हे बघा, त्यांना मोबाईलमदलं कायबी म्हाईत न्हाई. डोळ्याचं नाव काढू नका. पोराचे दोस्त म्हनून आलात, बास."

दादा उसाला पानी धरून आला, तर दारात चपलांचा ढीग. "कोन मेलं का काय?" म्हनला. मग हातपाय धुऊन पंगतीत बसला, सवयीप्रमानं भिंतीच्या कडंला, डावी बाजू भिंतीकडं.

जेवन सुरू झालं. डोळ्याकडं बघायचं न्हाई म्हनल्यावर मानसाला दुसरं कायतरी बघायलाच लागतं! सर आढ्याकडं बघून जेवत हुते, दोनदा घास मफलरीत गेला. एकजन आमटीकडं बघून म्हनला, "अप्रतिम! काय रंगसंगती!" दुसरा कुरडईला म्हनला, "रेषा बघा, रेषा!" तिसऱ्याला काय सुचंना, तो म्हशीला नतमस्तक झाला. पन घास घेता घेता समद्यांची नजर चोरून एकदा तरी दादाच्या तोंडाकडं जायचीच. दादाला कळत हुतं. तो मान अजून भिंतीकडं वळवायचा. वळवून वळवून त्याचं तोंड पार भिंतीत जायला आलं. करण पोळीचे नुसतेच तुकडे करत बसला. हजारो लोकांनी लाईक केलेला डोळा, आन् ज्याचा हाय तो तोंड लपवून जेवतोय!

तेवढ्यात अपूर्वानं ताटावरनं मान वर केली. "काका, डोळ्याला काय झालं तुमच्या?"

सर खोकले. कुरडई मोडल्याचा आवाज आला तेवढाच. आईनं पदर तोंडाला लावला.

दादानं पानी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग सावकाश तिच्याकडं वळला. "उसाचं पात लागलं. हा करण चार वरसाचा हुता तवा. वाढ्याचा, उसाच्या शेंड्यांचा, भारा उचलला, त्यातनं सपकन आलं."

"दिसतं का त्याने?"

"न्हाई. ऊन-सावली कळती तेवढी."

करणच्या हातातला घास हातातच राहिला. दिसत न्हाई? त्यानं त्या डोळ्याची एक एक सुरकुती काढली हुती. पापनीचा केस न् केस काढला हुता. बाहुली कुठं वळती, पानी कुठं साठतं, समदं बघितलं हुतं. आन् त्या डोळ्याला दिसतं का, हे एकदाबी इचारलं नव्हतं! त्याला आठवलं, परवाच दादा त्याला बांधावर धडकला हुता आन् हा वरडला हुता, "बघून चाला की!" दादा कायबी बोलला नव्हता. डाव्या बाजूनं कोन आलं की दादा जे "सर बाजूला" म्हनायचा, तो राग हुता असं करण दोन वरसं धरून बसला हुता.

"काका, सॉरी," अपूर्वा म्हनली.

"त्यात काय पोरी. कोन इचारतच न्हाई, म्हनून सांगायचं राहिलं." दादानं ताटात पानी टाकून हात धुतला आन् करणकडं बघितलं. "रंग काय, रेषा काय, समदे चित्रं काढनारेच दिसत्यात तुझे दोस्त. तू काढलेलं मलाबी दाव की."

आता काय करायचं? आईनं डोळ्यानं खुनावलं, दुसरं दाव, म्हशीचं दाव! पन करणचा हातच चालंना. मोबाईलवर तेच चित्र उघडं हुतं. दादानं घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग मान वळवून उजव्या डोळ्यापुढं आनला. लई वेळ बघत राहिला. म्हशीनंबी शेपूट हलवायची थांबवली.

"आप्पा!" दादा म्हनला.

कुनाला काय कळंना.

"आरं, हे तर आमचे आप्पा! माझा बाप! हेच कपाळ, हीच गालफाडं. जायच्या येळेला असेच दिसायचे, दमून गेलेले." दादानं मोबाईल कपाळाला लावला. "लेका, तू तर त्यांना बघितलंबी न्हाईस. कसं रं काढलंस?"

करणनं आईकडं बघितलं. आईनं तोंड फिरवलं. आप्पा गेले ते सत्तरीच्या पुढं. दादाला अजून पन्नाशीबी लागली नव्हती, पन आरसा बघून चौदा वरसं झाली हुती.

"ऐकून ऐकून काढलं," करण म्हनला.

"झकास हाय. पन एक सांगू का? डावा डोळा तेवढा चुकला. आप्पांचे डोळे शेवटपतोर धडधाकट हुते."

पंगतीतल्या समद्यांनी एकदम अपूर्वाकडं बघितलं. ह्याच वाक्यावरनं तिला आठवडाभर शिव्या बसल्या हुत्या! आता ती काय बोलती? खोटं बोलायचं न्हाई म्हनून तर तिनं त्या खाल्ल्या हुत्या. ती ताटाकडं बघत राहिली. मग तिच्या शहरी तोंडानं, अडखळत म्हनली, "मला तर... लई भारी वाटलं, काका."

"न्हाई गं, चुकलाय," दादा म्हनला.

"व्हय, चुकलाय," करण म्हनला. "नीट करतो."

रात म्हनली न्हाई, दिवस म्हनला न्हाई, करणनं ते चित्र परत काढलं. दोन्ही डोळे सरळ, दोन्ही बघनारे. रेघ चुकली न्हाई, पन खोडरबर लई झिजलं. ते त्यानं ग्रुपात टाकलं न्हाई. लोकं इचारत्यात, करणभाऊ, नवीन काय? आई सांगती, "जेवलास का बाळा?" तेवढ्यावर भागतं.

दादानं ते चित्र श्रीगोंद्याला नेऊन फ्रेम करून आनलं, देव्हाऱ्याच्या शेजारी खिळा ठोकला, आन् वरनं झेंडूचा हार घातला! जित्या नवऱ्याच्या फोटोला हार! दादा रानात गेला की आई हार काढती, फोटोवरचं गंध पुसती आन् म्हनती, "उंदरांनी खाल्ला." दादा बाजाराला गेला की नवा हार आनतो, वर उंदरांचं औषधबी आनतो. उंदरं फुकट मरायला लागली!

रोज सकाळी अंघोळ झाली की दादा फोटोपुढं हात जोडतो. करण उंबऱ्यात चहा घेऊन बसलेला असतो. "आप्पा," दादा म्हनतो, "पोरगं वाया गेलं न्हाई बरं का. हात लई चांगला हाय त्याचा." आन् मागं वळून करणला म्हनतो, "मोटार चालू कर."

परवा आईनं करणला गोठ्यात गाठलं. "आरं, आता तरी सांगून टाक त्यांना, तो फोटो कुनाचा हाय ते."

करण गव्हानीला टेकला. नाक पुसलं.

"नगं आई," म्हनला. "शाबासकी माघारी घेतील की!"