लाँड्रीची सनद आणि दहा पावलांवरचे हास्य

सकलगुणसंपन्न, सबुरीवान वाचक यांचे सेवेसी लेकीचा दंडवत. विज्ञापना ऐसी की, आमचे मातुश्रीसाहेबांनी नव्वद दिवसांत लाँड्रीचे ठाणे कैसे काबीज केले, याविषयी आप्तवर्गात नाना प्रकारच्या बाता उठल्या आहेत, आणि प्रत्येक लग्नघरी त्यात भर पडते आहे. सबब जे घडले ते पदरचे न घालता लिहिले आहे.

पूर्वी थोरले धनी, म्हणजे आमचे बाबा, यांचे इस्त्रीचे दुकान होते. तीस वर्षे धनी इस्त्री फिरवीत आणि मातुश्री घड्या घालीत. फलक, परवाना, विजेचे बिल, अवघ्या कागदांवर नाव धन्यांचे. मग गेल्या साली धनी एकाएकी निवर्तले. दुकान आठ महिने बंद राहिले आणि मातुश्रींचे बोलणेही बहुतेक बंद राहिले. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

मग एके सकाळी मातुश्रींनी वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. एक मातबर लाँड्री कंपनी, जिची ठाणी शहरोशहरी, ती आमचे मुलखात फ्रँचायझी देऊ करीत होती. फ्रँचायझी म्हणजे जुन्या काळची सनदच जाणावी. निशाण हुजुरांचे, म्हणजे कंपनीचे, रंग हुजुरांचा, यंत्र कोणते आणि साबण कोणता हे हुजूर सांगणार आणि शिकवणार. जागा, भांडवल, मेहनत आणि डोकेदुखी सनद घेणाराची. मिळकतीचा ठरला हिस्सा दरमहा हुजुरांस पावता करावा, आणि बदल्यात जवळपास दुसरे ठाणे हुजूर बसवणार नाहीत, ऐसा कौल. मात्र पहिले नव्वद दिवस परीक्षेचे. तितक्यात तीनशे नवी गिऱ्हाइके न जाहलिया सनद रद्द, आणि ठाणे दुसऱ्याचे हवाली.

हे वर्तमान ऐकोन धाकटे धनी, म्हणजे आमचे काका, तातडीने कूच करोन आले आणि जेवणाच्या टेबलावर मसलत बसली. मध्ये बासष्ट पानी करारनामा, भोवती चहाचे पेले.

"अहो वहिनी, नाव दुसऱ्याचं, नियम दुसऱ्याचे! ही नोकरीच झाली की. वर भाडंही आपणच भरायचं!"

"मग भावोजी, गेली तीस वर्षं मी काय करत होते?"

काकासाहेबांनी चहाचा पेला उचलिला. तो रिकामा होता तरी प्यायले.

मग मातुश्रींनी तीन दिवस पेन्सिल घेऊन करारनामा वाचिला, आणि कंपनीस खलिते धाडिले की, गिऱ्हाइकाचा कोट जळाला तर जबाबदारी कोणाची, सनदेची मुदत सरल्यावर यंत्रे कोणाची, आणि दुकान विकावयाचे जाहल्यास विचारावे कोणास. मग इतर गावींच्या तिघा सनदी सरदारांस फोन केले. दोघांनी गोडगोड सांगितले. तिसऱ्या बाई अनुभवी, त्या म्हणाल्या, "कंपनीच्या पुस्तकात असेल ते करायचं, नसेल ते करायचं नाही. स्वतःचं डोकं फक्त हिशेबाला." हा सल्ला मातुश्रींनी काळजावर कोरोन ठेविला. पुढील सर्व रामायण त्यातून उपजले.

मग मातुश्री आठ दिवस कंपनीचे मुक्कामी शिक्षणास गेल्या. तेल, शाई, गंज, कोणताही डाग समोर येवो, मातुश्रींनी चीत केला. परंतु कंपनीच्या पुस्तकातील कलम एकेचाळीस आडवे आले. कलम ऐसे : ग्राहक दहा पावलांवर येताच त्याच्याकडे पाहून स्मित करावे. मातुश्रींस हे आठ महिन्यांत जमले नव्हते, ते तेथेही जमेना. दोन वेळा नापास जाहल्या. शिक्षिकेने शेरा मारिला की, डागांत अव्वल, स्मितात कच्च्या, आणि स्मित घरी पक्के करावे या अटीवर सोडिले. मग घरी येऊन मातुश्री रोज बेसिनच्या आरशासमोर उभ्या राहोन दोन्ही ओठांस कवायत देऊ लागल्या. लेक दाराआडून पाहत असे आणि पाय न वाजविता निघोन जात असे.

मग धन्यांच्याच जुन्या जागेत ठाणे उघडले. पहिल्याच प्रहरी मातुश्रींनी खडू घेतला आणि काउंटरपासोन दहा पावले मोजिली. हुजुरांनी कलम लिहिले ते मोठाल्या मॉलांतील दुकानांवर नजर ठेवोन. आमचे दुकान चार पावलांत संपले, गल्ली चार पावलांत ओलांडिली, आणि दहावे पाऊल समोरच्या सलूनच्या पहिल्या खुर्चीपाशी पडले. दुसऱ्या कोणी हसोन सोडोन दिले असते. मातुश्रींनी तेथे खडूची रेघ मारिली. त्या दिवसापासोन खुर्चीत जो बसे, त्यास समोरच्या आरशात, आपल्या खांद्यावरोन, गल्लीपलीकडील एक बाई आपणाकडे पाहोन नेमस्त हसताना दिसे.

तिसरे दिवशी सलूनवाले वस्तरा हातात घेऊनच तक्रारीस आले.

"ताई, माझं काही चुकलं का? गिऱ्हाईक विचारतं, त्या बाई हसतात कशाला? माझं नाक वाकडं आहे का?"

"कलम एकेचाळीस आहे, दादा."

"अहो, अर्धी दाढी झालेला माणूस गर्रकन मागे वळतो! एखाद्याचा कान राहील माझ्या हातात."

"मग खुर्ची एक पाऊल आत घ्या. अकराव्या पावलाचं पुस्तकात काही नाही."

खुर्ची जमिनीत ठोकलेली होती, आणि मातुश्रीही. सबब तह जाहला. सलूनवाल्यांनी आपले टॉवेल धुण्यास मातुश्रींकडे द्यावे, आणि खुर्चीत बसणारास आधीच समज द्यावी. ती समज ऐसी : "समोरच्या ताईंना कंपनीचा हुकूम आहे. तुम्हीही हसा, म्हणजे त्या दुसऱ्या कामाला लागतील." मग लोक आरशात पाहोन हसू लागले. आणि ज्यास एकदा हसोन पाहिले, त्याचे दुकानावरोन मान फिरवोन जाणे मनुष्यास जड जाते. त्यात कॉलरीत केस अडकलेले. मग सदरे आले, सदऱ्यांमागे चादरी आल्या, चादरींमागे पडदे, आणि एक वकील तर चार काळे कोट घेऊन आले व दाढी नसताही सलूनमध्ये डोकावोन हसोन गेले.

शहाऐंशीवे दिवशी हुजुरांचे तपासनीस अचानक दाखल जाहले. ठाण्यावर नीटनेटके जावे म्हणोन आधी सलूनमध्ये शिरले आणि त्याच खुर्चीत बसले. सलूनवाल्यांनी रिवाजाप्रमाणे समज दिली. तपासनीसांनी आरशात पाहिले, आणि अर्ध्या गालावर फेस तैसाच घेऊन गल्ली पार केली.

"बाई, ते कलम दुकानाच्या आतलं आहे!"

"आत असं कुठे लिहिलंय?"

पुस्तक उघडिले. एकेचाळीस दोनदा वाचिले. कोठे लिहिले नव्हते. फेस टपकोन पानावर पडला आणि मातुश्रींनी तो डाग पडण्याआधी टिपला. मग तपासनीसांनी गिऱ्हाइकांची यादी तपासिली. नवी तीनशे अकरा. तेव्हा त्यांनी निवाडा दिला की, परीक्षा उत्तीर्ण, सनद दहा वर्षे कायम. आणि कायम सनदेचा अर्ज पुढे केला.

अर्जात एक रकाना मालकाच्या नावाचा. मातुश्रींनी पेन उचलिले आणि तैसेच धरिले.

"इथे कंपनीचं नाव ना?"

"नाही हो. नाव वापरायला कंपनीचं, दुकान तुमचं. मालक तुम्ही. पूर्ण नाव लिहा."

मातुश्रींनी सावकाश लिहिले. आधी स्वतःचे नाव, मग रिवाजाप्रमाणे मध्ये धन्यांचे, तेथे पेन क्षणभर थांबले, मग आडनाव. तपासनीसांनी शिक्का मारिला आणि उरलेली दाढी पुरी करण्यास गेले.

येणेप्रमाणे ठाणे फत्ते जाहले. मुख्य फलकावर कंपनीचे नाव मोठे आहे. त्याखाली, नियमाप्रमाणे बोटभर उंचीच्या अक्षरांत, मालकाचे. गल्लीतून जाताना वाचावयास थोडे थांबावे लागते. लेक थांबते.