दत्तूभाऊंची चूक

दत्तूभाऊ रोज सकाळी साडेआठला चुकतात. जागाही ठरलेली. ड्रमसेट सुरू झाल्यावर चार मिनिटांनी एक ठोका भलत्याच ठिकाणी पडतो, मग सगळं गप्प, आणि मग थोडं मागून पुन्हा सुरुवात. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी वस्तीच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे ही चूक मी तीन वर्षं चहाबरोबर घेतो आहे. खालचा दूधवालासुद्धा विचारतो, "बाबूजी, आज भी गिरे क्या?"

दत्तूभाऊ म्हणजे आमच्या शेजारच्या वैदिक गुरुजींचे एकुलते चिरंजीव. चौदाव्या वर्षी पाठशाळेतून पळाले, लग्नाच्या बँडमध्ये शिरले, पुढे हॉटेलांत ड्रम बडवत देशभर हिंडले. गुरुजींनी पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाही. कोणी विचारलंच, तर "मला मुलगा नाही" म्हणून मोकळे होत. पक्षाघाताने गुरुजींची डावी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा पन्नाशीचे दत्तूभाऊ ड्रम घेऊन परत आले. बापाचं सगळं हगणंमुतणं त्यांनीच काढलं.

गुरुजींचा उजवा हात तेवढा शाबूत होता. वेद शिकवताना स्वर हाताने दाखवतात, वर, खाली, बाजूला. दत्तूभाऊ खाटेपाशी बसून लहानपणी सोडलेला पाठ म्हणू लागले आणि तो हात हलू लागला. एका सकाळी त्यांनी ते मोबाइलवर टिपून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात गुरुजी गेले.

आता दत्तूभाऊ भिंतीवर धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टरने तो टिपलेला हात सोडतात आणि समोर एकटे ड्रम वाजवतात. हात वर गेला की झांज, खाली आला की पायाचा मोठा ड्रम. याला ते 'समकालीन शास्त्रीय' म्हणतात. मी म्हटलं, "यात शास्त्रीय काय?" तर म्हणाले, "शास्त्र बाबांचं, काका. समकालीन मी."

गल्लीत खळबळ उडाली. समोरच्या अण्णांनी ड्रमचं कातडं कोणत्या जनावराचं, अशी कडक चौकशी केली. दत्तूभाऊ म्हणाले, प्लास्टिकचं. अण्णांचा निम्मा विरोध तिथेच संपला.

भेटेल त्याला दत्तूभाऊ सांगत, "नुसतं ऐकू नका, बघून ऐका." मी मात्र कधी गेलो नाही. मेलेल्या माणसाचा हात भिंतीवर हलताना बघायचा, या कल्पनेनेच अंगावर काटा यायचा.

पण तीन वर्षांत या गृहस्थाला एक कार्यक्रम मिळाला नव्हता, याचं वाईट वाटे. शेवटी मीच एका कॉलेजच्या मॅडमना गळ घातली. त्यांनी तालीम ऐकली, सभागृह देऊ केलं, आणि एकच अट घातली. ती चूक काढायची. जमत नसेल, तर चित्रणातला तेवढा तुकडा कापायचा.

दत्तूभाऊंनी साफ नकार दिला. मला राग आला, मी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

"अहो, एक ठोका. तीन वर्षांत एक ठोका सुधारत नाही तुम्हाला?"

"सुधारलाय, काका. पहिल्याच महिन्यात." काठ्या मांडीवर ठेवत ते म्हणाले, "हे टिपलं त्या सकाळी पाठ म्हणताना मी तिथे खरंच चुकलो होतो. बाबा थांबले. बरोबर म्हणणाऱ्यासाठी गुरू थांबत नाही."

मग माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "मॅडम, गलती नहीं निकलेगी. आप किसी और को रख लीजिए." त्या कार्यक्रमासाठी त्यांनी कुर्ता शिवून आणला होता, तो खुंटीला टांगलेला मला दिसत होता.

"आलाच आहात तर बसा," ते म्हणाले.

मी बसलो. धोतरावर तो हात उमटला. हाडं आणि शिरा, मनगटावर सलाईनची चिकटपट्टी. तो उचलला जाई, पडे, आणि दत्तूभाऊ त्याच्यामागून जात. चार मिनिटांनी ठोका चुकला. हात हवेत थबकला. मग एक बोट सावकाश वर आलं आणि वरच राहिलं.

दत्तूभाऊ मान खाली घालून बसले होते. ज्या बापाने उभ्या जन्मात पुन्हा त्यांचं नाव घेतलं नाही, तो भिंतीवर बोट धरून त्यांची वाट बघत होता.

"हो, बाबा," दत्तूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी काठ्या उचलल्या.