जेवणाच्या टेबलावरील दहा ओळींची स्वारी

ऐकणारांनी चित्त ठिकाणीं ठेवावें. जें घडलें तें पदरचें न घालतां लिहिलें असे.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे मुलुखीं आईसाहेब, पदवीधर, सावध आणि अंमळ घाबऱ्या, यांणीं आठ वर्षांचे कन्येस शाळेत न धाडतां घरींच विद्या द्यावी ऐसा मनसुबा केला. आणि शिरस्ता पडला जे, दहा ते बारा जेवणाचे टेबलास वर्ग म्हणावें, आईसाहेबांनी चष्मा चढवून 'बाई' व्हावें, आणि बारा वाजतां चष्मा उतरवून पुनः आई व्हावें.

तों थोरल्या वन्सं, मुख्याध्यापिकेचे गादीवरून निवृत्त, यांचें फर्मान फोनावर आलें जे, रविवारीं येतें; पोरीनें स्वबुद्धीनें लिहिलेल्या दहा ओळी दाखवाव्या, नपेक्षां सोमवारीं शाळेचा फॉर्म भरावा. खाविंद "ताई म्हणतेय तर बघू की" इतकें वदून वर्तमानपत्राआड दडले.

मग मोहीम सुरू जाहली. 'माझी आवडती जागा' हा विषय मुक्रर केला, आणि फ्रिजवर आराखडा डकविला, आणि विशेषणांची फौज रंगीत चिठ्ठ्यांवर उभी केली. कन्येनें पेन्सिल चावून लिहिलें, 'मला पलंगाखाली आवडतं.' वन्सं पलंगाखालील धूळ पाहावयास वाकतील या धास्तीनें बाईंनी तेथें 'खिडकीपाशी' करविलें. मग खिडकींतून काय दिसतें ऐसें पुसतां कन्या म्हणाली, "समोरची भिंत." बाईंनी भिंत जमीनदोस्त करून जागचे जागीं हिरवीगार झाडें लाविलीं. ऐसे चार दिवस झुंज होऊन दहा ओळी सर जाहल्या. त्यांत कन्येचा म्हणावा ऐसा शब्द 'मला' एवढाच उरला.

शनिवारीं बारा वाजले आणि कन्या समोर येऊन ठाकली.

"आता आई झालीस ना?"

"झाले गं."

"चष्मा काढ आधी."

चष्मा निघाला. मग कन्येनें घडीचा कागद हातीं दिला आणि पलंगाखालीं पसार जाहली. मजकूर येणेंप्रमाणें:

'प्रिय आई, मला आमच्या बाईंची तक्रार करायची आहे. त्या मला एक वाक्य पुरं करू देत नाहीत. मी भिंत लिहिली तर त्यांनी झाडं केली. आपल्याकडे झाडं नाहीत. त्या सारख्या माझ्या खांद्यावरून बघतात. घाबरल्या की मोठ्यानं शिकवतात. मला वाटतं त्यांना आत्या ओरडेल. तू त्यांना सांग की मला लिहिता येतं. पण हळू सांग, नाहीतर त्या रडतील. मी खरंच पलंगाखाली बसते, तिथून तुझे पाय दिसतात.'

आईसाहेबांचा हात संवयीनें लाल पेनाकडे गेला, आणि तेथेंच थिजला. कागद दाखवावा तरी आपली नाचक्की, न दाखवावा तरी पोरीचें म्हणावें ऐसें दुसरें कांहीं नाहीं, सबब पोर शाळेत. ती रात्र कशी गेली तें त्यांसच ठाऊक.

रविवारीं वन्सं दाखल जाहल्या. पहिला कागद वाचून वरती न पाहतां म्हणाल्या, "छान लिहितेस हं तू. आता पोरीचं दाखव." खाविंदांनी वर्तमानपत्र उलटें धरिलें. मग आईसाहेबांनी कमर बांधिली आणि तक्रारीचा खलिता पुढें ठेविला.

वन्संनी एकवार वाचिला, आणि पुनः वाचिला, आणि बराच वेळ नाक शिंकरिलें. मग हुकूम जाहला जे, पोर घरींच शिकेल. बाईंस मात्र आजपासून कामावरून कमी करावें. आणि तक्रारीस लेखी उत्तर देणें हा कायदा आहे, सबब आईनें स्वहस्तें दहा ओळी लिहून द्याव्या, कोणी मदत करूं नये.

ऐशी फत्ते जाहली. टेबल राखिलें, फॉर्म कोरा राहिला, बाई बडतर्फ जाहल्या. आईसाहेब रविवारीं दुपारीं दोन वाजतां उत्तर लिहावयास बैसल्या, त्या पांच वाजतां 'प्रिय' इथवर पोहोंचल्या होत्या. कन्या शेजारीं आली, आणि तिनें कागदाकडे पाहिलें नाहीं, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बैसली, आणि म्हणाली, "लिही सावकाश. मी बघत नाहीये." हें दफ्तरीं नमूद केलें असे.